रेव्हरंड टिळक : वाट पाहणारा शिक्षक

बौद्ध संस्थेने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती पाळकाचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन केले, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि ख्रिस्ती उपासनेला अभंग-कीर्तनाचे मराठी वळण दिले.

तथापि त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट शिक्षणसंस्थांनी विशेष ध्यानात घ्यावी, असे मला वाटते. धर्मांतरामुळे पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या सोवळे पाळीत, अन्नपाणी वेगळे ठेवीत. जगाला धर्म सांगणाऱ्या पतीने घरात मात्र सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले. १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन', शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी पूर्ण केले, 'स्मृतिचित्रे'ही लिहिली.

टिळकांचा धर्म आपला नव्हे. त्यांची ही रीत मात्र आपल्याला परकी नाही. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' म्हणजे 'या आणि पाहा' असे सांगणारा आहे. याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची व चिंतनाची होती.

म्हणून पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे माझे मत स्पष्टपणे मांडतो. वसतिगृहातील मुलांना त्रिसरण-पंचशील मुखोद्गत असते, ही समाधानाची बाब आहे. पण 'हे का?' असे विचारणाऱ्या मुलाला आपण उद्धट ठरवीत असू, तर ते पाठांतर व्यर्थ होय. पोफळीसारख्या घाटपायथ्याच्या गावी घर सोडून राहणाऱ्या मुलाला संस्थेचा शब्द मोडवत नाही. त्यामुळे आपली जबाबदारी अधिक. आठवड्यातील एक तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि शाळेच्या ग्रंथालयात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाशेजारी 'स्मृतिचित्रे'लाही जागा द्यावी, ही विनंती.