शेतकऱ्याचा तो 'अनुभव', साहेबांचा तो 'लेख'?



आज फवारणीचं काही नाही. जरा कडू लिहितोय, पण वाचा.

उसातल्या हुमणीची माझी टिपणं गेल्या साली एका माहितीपत्रकात छापून आली. पहिल्या वळवानंतर भुंगेरे बाभळीवर, कडुनिंबावर कधी आले, त्या तारखा माझ्या. वाक्यंही माझी. खाली नाव काय, तर 'एक प्रगतशील शेतकरी'. विचारलं तर म्हणतात, "तुम्ही काय लेखक आहात का?"

मग लेखक कोण, ते एकदा बघूच.

1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं. फुले गेले नाहीत, उलट पत्र लिहून खडसावलं. कष्टकऱ्यांच्या हक्काचा विचार जिथं नाही, तिथं आमचं काय काम, असा त्याचा रोख. दोनच वर्षं आधी, 1883 ला, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. त्यात सावकारी आहे, शेतसारा आहे, आणि ताली-बंधारे घालून पाणी अन् माती रानातच कशी थोपवायची, तेही आहे. आज त्याला आपण पाणलोट म्हणतो.

मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला. बहिणाबाईंना तर लिहिताही येत नव्हतं. 1951 ला त्या गेल्या, 1952 ला पुस्तक आलं. आता कुणाची टाप आहे त्यांना कवी न म्हणायची?

कोणी म्हणेल, मग मेसेज पुढं ढकलणारा प्रत्येक जण लेखक का? अजिबात नाही. जो स्वतः बघतो, तारीख, रान, प्रमाण आणि निकाल लिहितो, अन् त्याखाली नाव टाकून जबाबदारी घेतो, तो लेखक. मग तो दहावी नापास का असेना.

नाव मिरवायला नको आहे. माझं रान वेळ नदीच्या काठचं, काळं. माझ्या तारखा कुणाच्या मुरमाड रानात चुकल्या, तर त्यानं विचारायचं कुणाला? 'एक प्रगतशील शेतकरी' या गड्याला फोन लागत नाही.

तेव्हा कृषी अधिकारी, शास्त्रज्ञ मंडळी, आमचं घ्या, खुशाल घ्या. पण नाव आणि गाव लावून घ्या.

आणि शेतकरी भावांनो, बहिणींनो, वही घाला. आज रानात काय दिसलं ते तारखेसकट लिहा. खाली सही ठोका.