सामायिक मेलबॉक्स कोणी बेणायचा?

एप्रिल उजाडला की रत्नागिरीतून आंबा परदेशी पाठवणाऱ्या कार्यालयांत मेलची रीघ लागते. पेट्यांच्या याद्या, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रे, विमानातल्या जागेची खात्री, दुबईच्या ग्राहकाची तक्रार, सगळे एकाच पत्त्यावर. तो पत्ता पाच-सात जणांच्या संगणकांवर एकदम उघडलेला. मग ऐन घाईत आउटलुक गोठते आणि निदान होते, ‘संगणक जुना झाला, नवा घ्या.’ माझ्या मते हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

क्लासिक आउटलुक प्रत्येक मेल दरवेळी सर्व्हरकडून मागत नाही. त्याची प्रत ते हार्ड डिस्कवर ओएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवते. 2010 च्या आवृत्तीपासून सामायिक मेलबॉक्सचीही अशी प्रत आपोआप उतरू लागली. मेलबॉक्स 30 जीबीचा आणि माणसे सात असली, तर तोच पत्रव्यवहार सात ठिकाणी मिळून 210 जीबी जागा अडवतो. एकाने हजार मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की सातही यंत्रे ती हलवाहलव करत बसतात. या फाइलची मूळ मर्यादा 50 जीबी आहे. शिवाय एकेका फोल्डरमध्ये लाखाच्या वर मेल साचले की वेग पडतो. आपल्याकडे इनबॉक्स हाच एकमेव फोल्डर, तेव्हा लाख गाठायला वेळ लागत नाही.

उपाय फुकटचा आहे. अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागात ‘डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स’ ही खूण काढली की सामायिक मेलबॉक्स थेट सर्व्हरवरून दिसतो. फुगलेली ओएसटी मात्र आपोआप आटत नाही. आउटबॉक्स रिकामा असल्याची खात्री करून, आउटलुक बंद करून ती बाजूला ठेवावी. नवी आपोआप तयार होते. यात एक अडचण आहे: पावसात लाइन गेली की सामायिक मेल दिसत नाही. म्हणून एका यंत्रावर ती खूण राहू द्यावी, बाकीच्यांवर नको.

खरा धोका दुसऱ्याच उपायात आहे. ‘जुने मेल काढून माझ्या संगणकावर ठेवतो’ म्हणत कोणीतरी सारा पत्रव्यवहार पीएसटी फाइलमध्ये ओढतो. मेलबॉक्स हलका होतो आणि सगळे खूश. पण सर्व्हरवरून तो मेल गेलेला असतो. उरते ती एकुलती एक प्रत, एका टेबलाखालच्या डब्यात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा टेबलाखालच्या डब्यांचे काय झाले हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

जुना मेल म्हणजे अडगळ, हेही खरे नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा बंद केला. बंदी उठवण्याचा निर्णय व्हायला जानेवारी 2015 उजाडले. अशा वेळी माल कोणत्या बागेतला, प्रक्रिया कुठे झाली, हे दाखवायला जुना पत्रव्यवहारच लागतो. तो सर्व्हरवरच्या आर्काइव्हमध्ये हलवावा. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, पण पैसे घालायचेच तर तिथे घालावेत. परवाना नसलेल्या सामायिक मेलबॉक्सला 50 जीबीची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की येणारे मेल परत जाऊ लागतात. ऐन हंगामात ग्राहकाचा मेल परत गेला, तर तो दुसऱ्याकडे वळतो.

पण हे करायचे कोणी? कोकणात सातबारावर वीस नावे असलेली बाग पाहावी: आंबे उतरवायला सगळे हजर, बेणायला कोणी नाही. सामायिक मेलबॉक्सचे तेच होते. कार्यालयाने एका माणसाचे नाव ठरवावे, त्याला वर्षवार फोल्डर करण्याचा अधिकार द्यावा आणि बाकीच्यांनी मेल हलवू नयेत. एक बारकावा त्याने सगळ्यांना सांगावा: सामायिक मेलबॉक्समधून पुसलेला मेल बहुधा पुसणाऱ्याच्या स्वतःच्या ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो, त्यामुळे इतरांना तो शोधून सापडत नाही.

हे काम एप्रिलमध्ये काढू नये. शेवटची पेटी गेल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, वीज खेळ करू लागण्याआधी दोन दुपारी पुरतात.