दुरुस्ती हीसुद्धा सेवाच

सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत चावडीसमोर बसावे लागे, ते दिवस मागे पडले. 15 रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मोबाइलवर येतो. उत्पन्नाचा किंवा वय-अधिवासाचा दाखला ‘आपले सरकार’वरून निघतो. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमामुळे अशा अधिसूचित सेवांना मुदत आहे, मुदत टळली तर अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी या कामात उमेदीची वर्षे घातली आहेत. त्यांचे मोल मोठे आहे.

पण ही सगळी सोय नोंद बरोबर असणाऱ्यासाठी आहे. ज्याची नोंदच चुकली आहे, त्याचे हेलपाटे अजून चुकलेले नाहीत.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना कुठे क्षेत्राचा दशांश सरकला, कुठे सहहिस्सेदाराचे नाव गळले, कुठे फिटलेला बोजा इतर हक्कांत तसाच राहिला. चावडी वाचन झाले, एडिट आणि री-एडिट मॉड्यूल आले, पुष्कळ साफसफाई झाली. त्यातूनही राहिलेल्या लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. तो लागावाच, जमिनीच्या हक्काची नोंद कुणालाही सहज बदलता येऊ नये. आक्षेप आहे तो पुराव्याचा भार कुणावर टाकला जातो याला. ‘ई-हक्क’मुळे घरून अर्ज करता येऊ लागला, हे चांगलेच झाले. मात्र जुन्या फेरफाराची जी नक्कल शेतकऱ्याने जोडायची, ती त्याच महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात असते. चूक दप्तराची, आणि तिचा पुरावा गोळा करायचा खातेदाराने!

शाळांत हा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे नोंद मुलाची असते. ‘मिसमॅच’ हा शब्द आज कोणत्याही मुख्याध्यापकांना समजावून सांगावा लागत नाही. जनरल रजिस्टरला मुलाचे नाव देवनागरीत आहे, आधारवर ते इंग्रजीतून जुळवायचे आहे. ज्ञानेश्वर हे नाव कुणी ‘डी’ने सुरू करतो, कुणी ‘जी’ने. कुठे वडिलांच्या नावापुढचे ‘राव’ एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. आडनाव आधी की शेवटी, यावरही जुळणी अडते. गावातल्या माणसाला ही दोन्ही नावे एकाच पोराची आहेत हे वाचताक्षणी कळते; अक्षरास अक्षर ताडणाऱ्या प्रणालीला कळत नाही. मग पालकाने मजुरी बुडवून आधार केंद्र गाठायचे. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते. घाईत चुकीची दुरुस्ती झाली, तर पुढची वाट आणखी अवघड होते.

संच मान्यतेसाठी आधार-वैध विद्यार्थी धरण्याचे धोरण आल्यापासून त्या एका अक्षराला शिक्षकाचे पदही बांधले गेले. मूल वर्गात बसलेले आहे, हजेरीपटावर आहे, पण वैध संख्येत नाही. बोगस पट रोखण्याचा हेतू योग्यच होता. तरी वर्गात डोळ्यांना दिसणारे मूल स्पेलिंगपायी मोजायचे नाही, हे कोणत्याही हेतूने समर्थनीय ठरत नाही. आधार नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. नावाच्या जुळणीतही तीच दृष्टी हवी.

आपल्या हाती काय आहे? बरेच काही. ‘रेकॉर्ड जुळत नाही’ एवढे सांगून थांबणारा संदेश हा अर्धवट कामाचा नमुना आहे. नाव जुळले नाही, लिंग की जन्मतारीख, आणि ते कोण दुरुस्त करू शकेल, हे त्याच पडद्यावर मराठीत दिसले पाहिजे. मराठी नावांच्या प्रचलित स्पेलिंगांची सारणी करून सैल जुळणी करणे आणि शंका असेल तिथे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र ग्राह्य धरणे, यात तांत्रिकदृष्ट्या अशक्य असे काहीही नाही. दुरुस्तीच्या अर्जालाही दाखल्याच्या अर्जासारखाच क्रमांक, मुदत आणि अपील हवे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्या माहितीच्या दुरुस्तीचा हक्क नमूद आहे. तो वापरायला नागरिकाला प्रणालीत जागा मात्र आपणच ठेवायची आहे.

आज बहुतेक निविदांत दुरुस्तीचा भाग ‘दुसरा टप्पा’ म्हणून लिहिला जातो आणि तो टप्पा निधीअभावी रेंगाळतो. जिल्हा प्रकल्प व्यवस्थापक, विकसक आणि शिक्षण विभागातील तांत्रिक सहकारी यांना आमची विनंती आहे: पुढच्या प्रणालीचा कार्यादेश निघण्यापूर्वी दुरुस्तीचे काम पहिल्या टप्प्यात घालून घ्या, आणि ते चालत असल्याची चाचणी झाल्याशिवाय प्रणाली स्वीकारल्याची सही करू नका.