बंदूक काढा, भाकरी काढू नका

सैन्यातून परत आलेल्या माणसाच्या मनाला दुखणं लागलं असेल, तर त्याच्या हातात बंदूक ठेवावी का? सरळ उत्तर आहे : ठेवू नये. एवढं बोलून पांढरपेशा चहा प्यायला मोकळा होतो. आपल्याला तसं मोकळं होता येत नाही. आपल्या वस्त्यांत बंदूक ही शोभा नाही, पोटाची सोय आहे. बंदूक गेली की पगार गेला. पगार जाऊ नये म्हणून माणूस दुखणं गिळतो. कायदा केला बंदुकीवर पहारा ठेवायला, आणि पहारा बसला तो माणसाच्या तोंडावर. हे मी ठणकावून मांडणार आहे. कुणाला टोचलं तर टोचो.

मी मुंबई बंदरात कंत्राटावर माल उचलतो. राहतो शेलूला. कर्जत लायनीवर वांगणी गेलं की शेलू, मग नेरळ. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून लोक हसतात. पण शस्त्रांचा कायदा मी कवितेसाठी वाचला नाही, शेजाऱ्यासाठी वाचला.

शेजारी माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. नाव लिहीत नाही, कारण नाव छापलं तर त्याची नोकरी जाईल. महार रेजिमेंटमध्ये सोळा वर्षं काढली, त्यातली बरीच काश्मिरात. पेन्शनीवर आला आणि गार्डची नोकरी शोधू लागला. सगळीकडे एकच अट : माजी सैनिक पाहिजे, स्वतःचं लायसन आणि स्वतःची बंदूक पाहिजे. लाठीवाल्या गार्डपेक्षा बंदूकवाल्याला पगार जास्त. दादाने उसनंपासनं करून बारा बोअरची दुनळी घेतली आणि पैशाच्या गाडीवर चढला. तेव्हापासून बंदूक त्याच्या खांद्यावर आणि कर्ज त्याच्या मानेवर.

दादा रात्री आडवा होत नाही. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. लग्नात फटाका वाजला की घामाने भिजतो. मी म्हटलं, ‘‘दादा, डॉक्टरला दाखवू.’’ तर म्हणाला, ‘‘दाखवला तर कागद होतो. कागद झाला की लायसन जातं. आणि ठाण्याला नेला असं वाडीत कळलं, तर पोरीचं लग्न कोण करील रं?’’ आमच्या भागात ‘ठाण्याला नेला’ म्हणजे काय ते सांगायला नको. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. एवढ्या वर्षांत लोकांना त्या दवाखान्याची शिवी करता आली, औषध म्हणून त्याचं नाव घेता आलं नाही.

मग इलाज कोण करतं? वहिनी करते. दादा कामावरून आला की ती काडतुसं मोजून घेते आणि तांदळाच्या डब्यात, खाली दडवते. पहाटे मोजून परत देते. म्हणजे अलिबागच्या कलेक्टर कचेरीने दिलेला परवाना ही चौथी शिकलेली बाई रोज रात्री रद्द करते आणि रोज पहाटे पुन्हा मंजूर करते. तिला कुणी अधिकार दिला नाही. तिचं कुणी ऐकूनही घेत नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. शस्त्र अधिनियम १९५९ चा. कलम १४ म्हणतं, अर्जदार मनोविकल असेल तर परवाना नाकारायचा. कलम १७ म्हणतं, परवाना दिल्यावर तसं आढळलं तर तो रोखता किंवा काढून घेता येतो. मनोविकल म्हणजे नक्की काय? सरकारी मराठीतला हा शब्द, गावच्या मराठीत ‘येडा’. ज्याला झोप येत नाही तो येडा का? जो गोळ्या घेऊन कामावर वेळेवर हजर राहतो तो येडा का? उलट मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम २०१७ चं कलम ३ स्वच्छ सांगतं की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. तसं सक्षम कोर्टाने ठरवावं लागतं. दोन कायदे, एकाच देशाचे. ही दुसरी ओळ पैशाच्या गाडीवरच्या गार्डला कुणी वाचून दाखवली का? कुणीच नाही. त्याला फक्त पहिली माहीत, तीही धमकी म्हणून.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लायसनच्या अर्जाला मनाच्या नि शरीराच्या तब्येतीचं सर्टिफिकेट लागतं. कल्पना बरी आहे. पण दादाचं सर्टिफिकेट कसं झालं? डॉक्टरने छातीला नळी लावली, पैसे घेतले, शिक्का मारला. झोप लागते का, हा प्रश्नसुद्धा विचारला नाही. दादाने सांगितलंही नाही. दोघांनी मिळून सरकारला पाहिजे तो कागद तयार केला. एकाने पैशासाठी, एकाने पोटासाठी.

सैन्याला हे कळत नाही असं नाही. तिथे जवानाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात, आणि त्यातलं पहिलं अक्षर मनाचं आहे. कान, हात-पाय, अंगातली ताकद, डोळे हे सगळे त्याच्या मागून. बंदूक देताना मन पहिलं. पण घरी आल्यावर मनाच्या दुखण्याचं पेन्शन मागितलं, तर प्रश्न येतो : हे दुखणं सेवेमुळे झालं का तुझ्या घरातूनच आलं? २०१३ साली सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि दुखणं सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. तरी सैनिकांना ट्रिब्युनलच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्याच. पेन्शनसाठी भांडायला कागद पाहिजे आणि लायसन टिकवायला कागद नको. या दोन दगडांमध्ये माजी सैनिकाचं पीठ होतं.

अपात्र हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी लढवय्या जातींची यादी केली आणि महारांना पलटणीचं दार बंद केलं. याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे दार कायमचं उघडलं. तेव्हा आपली जात बंदुकीला चालत नव्हती. आता जात चालते, रक्त चालतं, सोळा वर्षांची जवानी चालते. चालत नाही ती फक्त त्यानंतरची रात्र.

म्हणून मी बंदुकीची आरती ओवाळणार नाही. बंदूक हातात आली की माणूस मुक्त होतो हे खोटं. तिची पहिली गोळी पुष्कळदा घरातच लागते. अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांपैकी दहातले सुमारे सातजण बंदुकीने मरतात. तिथे अर्ध्याहून जास्त राज्यांत अंगावर लपवून पिस्तूल न्यायला परवानाही लागत नाही. पण ज्या माजी सैनिकाला पेन्शनचा पैसा सांभाळता येत नाही म्हणून सरकारी खात्याने कारभारी नेमून दिला, त्याचं नाव कोर्टाच्या हुकुमाशिवाय बंदूकबंदीच्या यादीत जायचं. हिशेब न जमणारा माणूस आणि जिवाला धोका असणारा माणूस, दोघांची एकच यादी! २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने खर्चाच्या कायद्यात अट घातली, की तो माणूस धोकादायक आहे असा न्यायाधीशाचा हुकूम असल्याशिवाय खात्याने नावं पाठवण्यावर पैसा खर्चायचा नाही. तेव्हाही ओरड झाली की आता आजारी माणसांच्या हातात बंदुका राहतील. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. पण दोन्ही बाजू बंदुकीबद्दलच बोलल्या. त्या माणसाच्या झोपेबद्दल कोण बोललं?

आणि आपल्याकडे लपवून पिस्तूल कोण नेतं? लपवून नेण्याचं वेगळं लायसन इथे नाही. जवळ बाळगायचं आणि घेऊन फिरायचं एकच. दादाची दुनळी सगळ्या स्टेशनाला दिसते. बिल्डरचं आणि पुढाऱ्याचं पिस्तूल सफारीखाली असतं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, म्हणजे साक्षात पोलिसांच्या खोलीत, गोळीबार झाला. तेव्हाचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना त्या प्रकरणात अटक झाली. आठवडा उलटला नाही तोच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून फेसबुकवर थेट दिसला. पोलिसांनी सांगितलं, पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. लायसन नोकराचं, राग मालकाचा. बंदूक मागताना या लोकांच्या रागाची तपासणी कुणी केली होती? राग, माज, सूड ही दुखणी कुठल्या सर्टिफिकेटात येत नाहीत.

वेड हा शब्द दुसऱ्याही कामाला येतो. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपला वरिष्ठ आणि तीन मुसलमान प्रवासी सरकारी रायफलने मारले, असा आरोप आहे. लगेच चर्चा सुरू झाली, बिचाऱ्याचं डोकं बिघडलं होतं. त्याची तब्येत काय होती ते कोर्ट बघेल. पण डब्याडब्यातून माणसं निवडून मारल्याचा आरोप असताना पहिली सबब वेडाची येते, तेव्हा दोन पापं होतात. द्वेषाला पांघरूण मिळतं. आणि दादासारखी हजारो माणसं, ज्यांनी दुखण्यापायी कुणाच्या अंगाला हात लावला नाही, ती खुनी ठरतात. मग ती आणखी गप्प बसतात.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम काढा. नियम ३ सांगतो, अत्याचाराचा धोका असलेल्या भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बंदुका सरकारजमा करा, आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्या. तीस वर्षं झाली. ‘आवश्यक’ कुणाला वाटायचं? बंदूक कुणाकडून काढायची हे सरकारला माहीत आहे, पण काढताना त्याचा हात नेहमी गरिबाच्या खांद्याकडेच आधी जातो.

तर मागायचं काय?

एक. बंदूक आपणहून जमा करायची सोय पाहिजे. निवडणूक आली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात, त्याला कुणी बदनामी म्हणत नाही. तसंच आजारपणात व्हावं. महिने ठरवून जमा, पावती हातात, लायसन कायम. कंपनीने तेवढे दिवस बिनबंदुकीचं काम द्यावं, त्याच पगारात.

दोन. ‘मनोविकल’ एवढ्या एका शब्दावर लायसन जाऊ नये. मनोविकारतज्ज्ञाने माणूस तपासून, कारण लिहून, मुदत घालून सांगावं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. अपिलाची वाट दाखवावी. तपासणी सरकारी दवाखान्यात, फुकट.

तीन. घरच्या बाईचं म्हणणं लिहून घ्यावं. काडतुसं मोजणारी तीच आहे.

चार. हीच तपासणी पुढाऱ्याला, बिल्डरला, सरपंचाला. शिक्का मारून सुटका नाही.

सरकार करील तेव्हा करील. आपण वाडीत काय करतो? गार्ड झोपेत ओरडला की आपण हसतो. तेवढं बंद करा. १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून आहे. मनाच्या दुखण्याबद्दल त्यावर मराठीत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ ला त्याची वेगळी शाखा सुरू झाली. नंबर बुद्धविहाराच्या फळ्यावर लिहा. मी दादासोबत बसून लावला. पहिल्यांदा तो काहीच बोलला नाही, फोन ठेवला. दुसऱ्यांदा अकरा मिनिटं बोलला. मी बाहेर उभा होतो, काय बोलला ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

मित्रांनो, ही गोष्ट म्हाताऱ्यांची समजू नका. २०२२ ला अग्निपथ आलं. चार वर्षं सेवा, शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी. पेन्शन नाही. माजी सैनिकाचा दवाखाना नाही. ती पोरं आपल्या वयाची आहेत, आपल्यासोबत नेरळच्या मैदानात धावलेली. परत येतील तेव्हा बंदूक चालवणं हीच त्यांची विद्या असेल, आणि लायसनचं वय एकवीस. गार्डच्या जाहिराती त्यांची वाट बघत असतील. त्यांच्यासाठी बिनबंदुकीचं काम आत्ताच भांडून मागून ठेवा.