हस्तलिखितांचे अभियान आणि दुरुस्तीचा कागद

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' अभियानाची घोषणा झाली. शिक्षणसंस्था, संग्रहालये, ग्रंथालये आणि खाजगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः स्कॅनर, डिजिटल भांडार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. जे पान फाटले आहे, ते कोणत्या कागदाने सांधायचे?

आजचे उत्तर बहुतांशी असे आहे: जपानमधून आलेल्या टिश्यू कागदाने. त्या कागदाच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या देशात शतकानुशतके हातकागद तयार होत आला, त्या देशाला आपल्या पोथ्यांसाठी लागणारा काही ग्रॅम वजनाचा कागद चाचणीनिशी सिद्ध करून देता येऊ नये, ही बाब विचार करायला लावणारी आहे. हातकागदाकडे आपण हस्तकलेच्या प्रदर्शनातील वस्तू म्हणून पाहतो. तो पदार्थविज्ञानाचा विषय आहे असे मानून त्यावर संशोधन झाले पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम रसायनशास्त्र पाहू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली जाळी. सेल्युलोजचा रेणू ही ग्लुकोजच्या घटकांची लांब साखळी असते आणि आम्ल हा तिचा मोठा शत्रू. आम्लाच्या सान्निध्यात साखळी जागोजागी तुटते, तंतू ठिसूळ होतात आणि पान हात लावताच मोडते. १८०७ साली जर्मनीत मॉरिट्झ इलिग यांनी तुरटी आणि राळ वापरून कागदाला खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे यंत्रयुगाने ती सर्रास स्वीकारली, आणि तुरटीबरोबर आम्लही कागदात शिरले. त्यात लाकडाच्या अशुद्ध लगद्यातील लिग्निनची भर पडली. आपल्या ग्रंथालयांत सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तके तपकिरी पडून तुकड्यांनी गळतात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील अडीचशे वर्षांपूर्वीची मोडी पत्रे रुमालातून काढून आजही उलगडता येतात, या विरोधाभासाचे मोठे कारण येथे आहे.

ती पत्रे ज्या कागदावर लिहिली गेली, तो जुन्नर, दौलताबादजवळचे कागजीपुरा अशा ठिकाणी हाताने तयार होई. काश्मिरात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात, पंधराव्या शतकात, समरकंदहून ही विद्या आली असे मानले जाते. कृती थोडक्यात अशी. चिंध्या, जुने दोर, ताग किंवा भांग यांचे तंतू चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, ढेंकीखाली कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. मग हौदातील पातळ लगद्यातून गवताच्या काड्यांची बारीक चटई बसवलेली चौकट फिरवून ताव उचलायचा, तो गुळगुळीत भिंतीवर वाळवायचा, पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. चुन्यामुळे तंतूंतील अशुद्ध द्रव्ये सुटतात. कागदात उरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि पुढे येणाऱ्या आम्लाला निष्प्रभ करतो. कुटल्याने तंतूंचे पृष्ठभाग उलतात व त्यांच्यातील हायड्रोजन बंध वाढतात. खळ शाईला पसरू देत नाही. घोटल्याने पृष्ठभाग इतका नितळ होतो की बोरू न अडखळता धावतो. लघुचित्रकारांची 'वसली' हीसुद्धा असे ताव एकावर एक चिकटवून आणि घोटून तयार होते. आजचे कलावंत जलरंगासाठी, आणि मुद्राचित्रकार ओलसर कागदावर तांब्याच्या पत्र्याचा ठसा घेण्यासाठी, सुती हातकागद निवडतात तेही तंतूंच्या याच बळामुळे.

संवर्धकाची गरज याहून नाजूक असते. त्याला कागद हवा अत्यंत पातळ, तरीही बळकट. अक्षरे झाकणार नाही इतका पारदर्शक. आणि शंभर वर्षांनी कोणाला काढावासा वाटला तर साध्या ओलाव्याने सुटेल असा. येथे तंतूची लांबी निर्णायक ठरते. रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडाचा तंतू साधारण १ मिलीमीटर, सूचिपर्णींचा साधारण ३ मिलीमीटर, तर जपानी कोझो झुडपाच्या सालीतील तंतू त्याच्या दुपटी-तिपटीने लांब असतो. १९६६ च्या फ्लॉरेन्समधील पुरानंतर भिजलेल्या ग्रंथांवर उपचार करताना पाश्चात्त्य संवर्धकांनी या कागदाचे मोल ओळखले. आज जपानच्या कोची प्रांतात प्रति चौरस मीटर १.६ ग्रॅम इतका हलका कागद यंत्रावर निघतो. आपल्या छपाईयंत्रातील कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. जपानने हातकलेचे ज्ञान यंत्रापर्यंत नेले आणि हातकलाही जिवंत ठेवली. २०१४ साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्याकडे या क्षेत्रात संशोधन झालेच नाही, असे नाही. १९५० च्या दशकात राष्ट्रीय अभिलेखागारात ओ. पी. गोयल यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा आणि टिश्यू कागद ॲसिटोनच्या बोळ्याने दस्तऐवजावर बसवण्याची पद्धत शोधली. महागडे यंत्र न लागल्यामुळे ती दूरवर पसरली. पुढे अनुभवाने कळले की ॲसिटेट स्वतःच जीर्ण होते, आणि ते काढताना मूळ पानाची कसोटी लागते. म्हणून आता कल पुन्हा पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ यांकडे आहे. यातून घ्यायचा धडा असा की दुरुस्तीचे साहित्य मूळ वस्तूच्या जातीचे असावे, आणि त्याचे वार्धक्य आधी तपासलेले असावे.

मग आपल्याजवळ काय आहे? अरुणाचल प्रदेशातील तवांग येथे मोनपा लोक 'मोन शुगु' नावाचा कागद डाफ्ने वर्गातील झुडपाच्या सालीपासून करतात. बौद्ध मठांतील ग्रंथ त्यावर लिहिले जात. ही कला जवळजवळ लोपली होती. डिसेंबर २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तेथे उत्पादन केंद्र सुरू केले. त्या सालीचे तंतू लांब असतात, आणि झुडूप जमिनीच्या वर छाटले तर पुन्हा फुटते. सांगानेरला कागजी कारागिरांची जुनी वस्ती आणि कुमारप्पांच्या नावाची राष्ट्रीय हातकागद संस्था आहे. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून उभी राहिलेली.

तथापि 'हाताने केलेला' म्हणजे 'टिकाऊ' असे समीकरण मांडता येणार नाही. आजचा बराचसा हातकागद होजियरीच्या कातरणांपासून बनतो. त्यात रंग, चकाकी आणणारी रसायने आणि कधी तुरटी-राळेची खळही असू शकते. भेटकार्डाला तो पुरेसा आहे, पोथीला नाही. पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावून ती झाकत, त्यातून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. न तपासलेला कागद पोथीला चिकटवणे म्हणजे जतनाच्या हेतूलाच हरताळ फासणे होय.

तपासणीचे निकष उपलब्ध आहेत. टिकाऊ कागदासाठीचे आयएसओ ९७०६ हे मानक सामू ७.५ ते १० असावा, आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षारसाठा असावा, असे सांगते. ते लिहिण्याच्या व छपाईच्या कागदासाठी आहे. संवर्धनाच्या टिश्यूसाठी त्यात योग्य ते फेरफार करावे लागतील. तपासणाऱ्या संस्थाही आहेत: लखनौची सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा आणि सहारनपूरची केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था. अडचण अशी की पहिली संस्कृती मंत्रालयाकडे, दुसरी वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे, आणि खादी आयोग सूक्ष्म व लघु उद्योग मंत्रालयाकडे. पोथी एका दालनात, प्रयोगशाळा दुसऱ्या दालनात आणि कारागीर तिसऱ्या दालनात बसला आहे.

अभियानाने या तिघांना एका मेजाभोवती बसवावे. तवांग, सांगानेर आणि पुणे येथील नमुन्यांच्या त्वरित-जीर्णन चाचण्या घ्याव्यात आणि निष्कर्ष सर्वांना खुले करावेत. जो कागद उतरेल त्याची दीर्घ मुदतीची खरेदी, किलोच्या दराऐवजी गुणवत्तेच्या दराने, करावी. कारागिराला संशोधनातील सहकारी मानावे, कारण कोणत्या ऋतूतील साल मऊ शिजते हे त्यालाच ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल की गरज थोडी आहे, आयात सोपी आहे. आयात चालू राहावी. परंतु सर्वेक्षणातून दुरुस्तीयोग्य पाने पुढे येतील तेव्हा गरज थोडी राहणार नाही, आणि लहान मठांना व घरगुती संग्राहकांना परदेशी कागदाचा दर परवडणारा नाही. कोणी म्हणेल, प्रतिमा घेतली की काम झाले. प्रतिमेतून मजकूर वाचता येतो. तंतू, शाई, खळ, पाणी लागल्याच्या खुणा आणि कागदाचे वय यांचा अभ्यास मात्र मूळ पानावरच करावा लागतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे मोठे काम आहे. कागदाचा सामू मोजणे, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखणे, घडी घालून तो किती वेळा टिकतो हे पाहणे, हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे. मोन शुगुला कीड लागत नाही असे परंपरा सांगते. हे खरे किती, आणि कोणत्या रेणूमुळे, हा एखाद्या प्रबंधाचा उत्तम विषय ठरेल. अभियानाचा निधी खर्ची पडण्यापूर्वी हा प्रश्न कोणीतरी प्रयोगशाळेत मांडावा, एवढीच अपेक्षा.