छायाचित्राचे मोल आणि पेढीची अट

भिंतीवरील दिनदर्शिका, औषधाच्या दुकानातील जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बँकेच्या दारातील फलक, या सर्वांवर छायाचित्रे असतात आणि आपण ती नित्य पाहतो. शेताच्या बांधावर उभा असलेला शेतकरी, दप्तर पाठीस लावून निघालेली मुलगी, पावसात चिंब झालेला रस्ता, अशी चित्रे आपल्या डोळ्यांच्या सरावाची झाली आहेत. परंतु ती कोणी काढली आणि काढणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही. कवितेखाली कवीचे नाव नसले तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. छायाचित्राखाली नाव नसले तर काही उणे आहे याची जाणीवही होत नाही. या उदासीनतेची किंमत कोणीतरी मोजत असतो. तो कोण, आणि त्याच्या हानीत आपण कितपत भागीदार आहो, याचा विचार शाळेच्या वार्षिकांकात करणे अस्थानी ठरू नये.

आपल्या हैदराबाद शहराला हा विषय मुळीच परका नाही. राजा दीनदयाळ यांचे नाव येथे कोणास ठाऊक नाही? मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले आणि रुडकीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले दीनदयाळ प्रथम इंदुरास नोकरीला होते. तेथे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने त्यांच्या कलेला वाव मिळाला. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादेतील त्यांची चित्रशाळा नावारूपास आली. राजवाडे, किल्ले, देवळे, दरबार यांच्या चित्रांच्या प्रती ते विकत असत. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ग्राहक घरी नेई ती कागदावरील प्रत. मूळ काचपट्टी पेढीतच राही. १९०५ साली दीनदयाळ निवर्तले. त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १९८९ साली, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या कुटुंबाकडून २,८५७ काचपट्ट्या विकत घेतल्या. प्रती पूर्वीच विकल्या गेल्या होत्या, तरी मूळ चित्रांचे मोल कायम होते. प्रत विकली म्हणजे चित्र विकले असे होत नाही, हा या व्यवसायाचा पहिला धडा होय.

आज काचपट्टी गेली, कागदही बव्हंशी गेला; पण तोच धडा 'परवाना' या रूपाने उरला आहे. सांप्रत जगात तयार छायाचित्रांच्या मोठमोठ्या पेढ्या आहेत. हजारो छायाचित्रकार आपली चित्रे त्यांच्याकडे ठेवतात. ज्याला चित्र हवे तो पेढीस पैसे देतो आणि चित्र वापरण्याचा परवाना घेतो. पेढी त्या पैशातील काही हिस्सा चित्रकर्त्यास देते व उरलेला आपल्याकडे ठेवते. परवाने मुख्यतः दोन प्रकारचे. एकात चित्र कोठे, किती काळ आणि कोणत्या कामासाठी वापरायचे हे ठरवून त्याप्रमाणे मोल घेतले जाते. दुसऱ्यात एकदाच पैसे भरून, पेढीच्या नियमांच्या मर्यादेत, चित्र वारंवार वापरता येते. पहिल्यात चित्रकर्त्याचा हक्क अधिक जपला जातो, दुसऱ्यात ग्राहकाची सोय अधिक. गेटी इमेजेस या विख्यात पेढीने जाहिरातींसाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांच्या बाबतीत पहिला प्रकार बंद करण्याचा निर्णय २०१९ साली जाहीर केला. वारा कोणत्या दिशेने वाहत आहे, हे त्यावरून उमगते.

आता दराकडे वळू. आयस्टॉक या पेढीने २०१० साली नवे कोष्टक जाहीर केले. तोवर जे छायाचित्रकार आपली चित्रे इतर पेढ्यांकडेही ठेवीत, त्यांस विक्रीचा २० टक्के हिस्सा मिळे. पुढील वर्षापासून तो वर्षभराच्या विक्रीनुसार १५ ते २० टक्के असा ठरू लागला. शटरस्टॉक या पेढीचा बदल याहून मोठा. वर्गणीदार ग्राहकाने चित्र घेतले की तेथे चित्रकर्त्यास, त्याच्या आजवरच्या एकूण कमाईनुसार, दर वेळी २५ ते ३८ सेंट मिळत. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. १ जून २०२० पासून ही रीत पालटली. वर्षभरात किती चित्रे उचलली गेली त्यावरून सहा पायऱ्या ठरल्या. तळच्या पायरीस १५ टक्के, वरच्या पायरीस ४० टक्के आणि एका विक्रीस कमीत कमी १० सेंट, असा तो नियम. त्यातील खरी मेख मात्र पुढेच आहे. दर वर्षी १ जानेवारीस प्रत्येकाची गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते! दहा वर्षे खपून वरची पायरी गाठलेला मनुष्य नववर्षाच्या पहाटे नवशिक्याच्या शेजारी उभा राहतो. ज्या चित्राला शंभर विक्रींत किमान २५ डॉलर मिळत, त्याला तळाच्या दराने १० डॉलरच मिळण्याची वेळ आली. जगभरच्या अनेक छायाचित्रकारांनी निषेध केला आणि कित्येकांनी आपली चित्रे विक्रीतून काढून घेतली, यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, यात अन्याय कोणता? आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत कॅमेरा आहे. चित्रांचा पूर आला आहे. माल वाढला की भाव पडणारच. मंडईत टोमॅटोचे ढीग लागले म्हणजे शेतकऱ्यालाही हेच सोसावे लागते. शिवाय पेढी चालविण्यास खर्च येतो, आणि चित्रे स्वस्त झाल्यामुळेच लहान दुकानदाराला व छोट्या छापखान्याला ती परवडू लागली. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. भाव पडतात, ते कोणाच्या हातचे नसते, हेही मान्य करू.

परंतु मंडईच्या दाखल्यात एक फरक राहून जातो. शेतकरी आजचा माल आजच्या भावाने देतो, आणि परवा विकलेल्या मालाचा हिशेब कोणी आज बदलत नाही. येथे जी चित्रे जुन्या अटी पाहून पेढीच्या स्वाधीन केली होती, त्याच चित्रांच्या पुढील विक्रीस नवा दर लागू होतो, आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाने मिळविलेली पायरी एका रात्रीत पुसली जाते. माझा आक्षेप भाव उतरण्यास नाही. करारातील एका पक्षाने दुसऱ्यास न विचारता अट बदलावी आणि 'पटत नसेल तर चालू लागा' म्हणावे, यास आहे. चालू लागणे सोपे असते तर प्रश्नच नव्हता. पण मोठ्या पेढ्या मोजक्याच, आणि त्यांची संख्याही घटत आहे. आयस्टॉक २००६ सालीच गेटीने घेतली. विनामूल्य चित्रांबद्दल प्रसिद्ध असलेली अनस्प्लॅश २०२१ साली तिच्याच हाती गेली. जानेवारी २०२५ मध्ये तर गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. गावात दुकान एकच उरले म्हणजे घासाघीस कोणाशी करायची?

दरापेक्षाही परवान्यातील बदल अधिक खोल जातो. अलीकडे छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकविण्यासाठीही पुरविली जातात. शटरस्टॉकने असे करार केले, आणि चित्रकर्त्यांस काही वाटा देण्यासाठी २०२२ साली एक निधी जाहीर केला. पण २०१० साली ज्याने आपले चित्र ठेवले, त्याच्या स्वप्नात तरी असा उपयोग आला असेल काय? या बाबतीत आपल्या देशाच्या कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारात रूढ नव्हते, त्याला तो लेख, तसा स्पष्ट उल्लेख असल्यावाचून, लागू होत नाही, असे तीत म्हटले आहे. परदेशी पेढीशी केलेल्या परवान्याच्या करारास ही तरतूद सरळ लागू पडेलच असे नव्हे. पण तिच्यामागील न्याय कोणालाही पटण्याजोगा आहे. जे मी पाहिलेच नव्हते, ते मी दिले असे कसे म्हणता येईल?

आता आपल्याकडे पाहू. पेढीला नावे ठेवणे सोपे. आपण स्वतः काय करतो? वर्गातील प्रकल्पासाठी, स्नेहसंमेलनाच्या फलकासाठी, वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी आपण महाजालावरून चित्र उचलतो आणि कोपऱ्यातील नाव कापून टाकतो. अध्यापनासाठी कायद्याने काही सवलती दिल्या आहेत. पण कर्त्याचे नाव पुसण्याची मुभा कोणीही दिलेली नाही. आपली कृती आपली म्हणून ओळखली जावी, हा कर्त्याचा हक्क तोच कायदा मानतो. पेढी दहा सेंट तरी देते. आपण तेवढेही देत नाही आणि वर नावही हिरावून घेतो.

गौलीगुड्याचेच उदाहरण घ्या. येथील जुन्या बसस्थानकाची ती अवाढव्य पत्र्याची कमान १९३० च्या सुमारास विमाने ठेवण्यासाठी उभारली होती आणि तिचे सामान अमेरिकेहून आले होते. पुढे कित्येक दशके तिच्याखालून आपल्या कुटुंबांतील माणसे नांदेड, औरंगाबाद, सोलापूरच्या वाटेला लागली. जुलै २०१८ मध्ये ती कोसळली. आता जगातील कोणताही श्रीमंत ग्राहक आला तरी तिचे नवे छायाचित्र त्यास मिळणार नाही. जी काढली गेली तीच उरली. त्यांतील बरीचशी निनावी फिरत असतात. भर उन्हात उभे राहून ज्याने ती कमान टिपली, त्याने आपल्या वस्तीचा इतिहास राखला. त्याचे नाव राखणे आपल्याला जड का जावे?

म्हणून विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, या अंकापासून आपल्या वार्षिकात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्राखाली काढणाऱ्याचे नाव असावे, मग ते चित्र सहावीतील मुलाने काढलेले का असेना. आणि बाहेरचे चित्र घ्यायचे तर परवाना वाचूनच घ्यावे. नावाचा उल्लेख करून खुशाल वापरा, असे स्वतः कर्त्यांनीच सांगितलेली असंख्य चित्रे आज उपलब्ध आहेत. चोरीची गरजच नाही. दुसरी गोष्ट जे उद्या स्वतःची चित्रे पेढीकडे ठेवतील त्यांच्यासाठी. 'मान्य आहे' या शब्दावर बोट टेकण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. मला न विचारता दर बदलता येतो काय? दिलेले चित्र परत घेता येते काय? आणि कोणकोणत्या कामांसाठी ते देण्याचा अधिकार मी लिहून देत आहे? उत्तरे प्रतिकूल असली तरी करार करू नये असे नाही. पण तो उघड्या डोळ्यांनी करावा.

सही करण्यापूर्वी कागद वाचावा, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठविणाऱ्यांची घरे कशी बुडाली, हे या मुलुखातील जुन्या माणसांनी पाहिले आहे. कागदाच्या जागी आज काचेचा पडदा आला, एवढेच. बोट तेच आहे, आणि ते टेकण्यापूर्वी वाचण्याइतकी अक्षरओळख शाळेने आपल्याला दिलेली आहे.