मासळीच्या बिलातून टॉनिकचे पैसे कापायचे का?

सभासद बंधू-भगिनींनो,

१ जूनपासून मासेमारी बंदी लागू झाली आहे. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर जेटीलाच. या ६१ दिवसांत घरात पैसा कमी आणि वेळ जास्त असतो. नेमके हेच दिवस धरून टॉनिक आणि गोळ्यांचे डबे विकणारे लोक वाड्यावाड्यावर फिरतात. यंदा एका विक्रेत्याने थेट संस्थेकडेच अर्ज दिला आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये "आरोग्य शिबिर" भरवायचे. तिथे ओमेगा-३, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि सांधेदुखीची पावडर असा एकत्र संच सभासदांना द्यायचा. पैसे आता नकोत, ऑगस्टनंतर मासळीच्या बिलातून हप्त्याने कापायचे. वर संस्थेला कमिशन.

विषय संचालक मंडळापुढे आहे. काही सभासद म्हणतात, "ज्याला घ्यायचे तो घेईल, संस्थेचे काय जाते?" आमचे मत वेगळे आहे. हॉल देऊ नये आणि बिलातून एक पैसाही कापू नये. का, ते सविस्तर सांगतो.

आधी ओमेगा-३ ची गोष्ट. बाजारात मिळणारी फिश ऑइलची साधी कॅप्सूल १००० मिलिग्रॅमची असते, पण त्यात कामाचे ओमेगा-३ (ईपीए आणि डीएचए मिळून) बहुधा ३०० मिलिग्रॅमच असते. बाकी नुसते तेल. तारलीसारख्या तेलकट मासळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त ओमेगा-३ मिळते. मोसमाप्रमाणे कमी-जास्त होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको, तारली कधी तेलाने भरलेली असते हे आपल्या बायकांना तव्यावर कळते. म्हणजे एका ताटातल्या हुमणाची बरोबरी करायला तीन-चार कॅप्सूल लागणार. वरून मासळीत प्रथिने, बी-१२, आयोडीन मिळते ते वेगळेच. हृदयासाठी आठवड्यातून दोनदा मासळी खा, असे डॉक्टर सांगतात. आपण तर त्याहून जास्त खातो. ज्या मासळीचे तेल कॅप्सूलमध्ये भरतात, ती पकडणाऱ्यालाच ती उधारीवर विकायची, हा कुठला न्याय?

आता सांधेदुखीची पावडर. जाळी ओढून आणि क्रेट उचलून कंबर, गुडघे, खांदे दुखतात, हे खरेच आहे. पण ज्या पावडरीच्या पुडीवर काय घातले आहे ते लिहिलेलेच नसते, अशा पावडरींत चोरून स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्या देशात डॉक्टरांना अनेकदा आढळले आहे. चार दिवसांत दुखणे गायब होते, माणूस खूश. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. "चार दिवसांत फरक" असे कोणी छातीठोक सांगितले, की समजायचे काहीतरी गडबड आहे.

व्हिटॅमिनमध्ये तोटा काय, असेही विचारतात. तोटा आहे. सी आणि बी गटातली बरीचशी व्हिटॅमिन जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, पण ए आणि डी शरीरात साठतात. डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच देतात. काही जण ती मेडिकलमधून आणून महिनोन्महिने चालू ठेवतात. मग रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. दुसरी गोष्ट विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. झाले उलटे. गोळ्या घेणाऱ्यांत तो कॅन्सर जास्त निघाला. विडी चालू ठेवून गोळीने भरपाई होत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. असे पूरक पदार्थ अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांत अन्न म्हणून येतात. "औषधी वापरासाठी नाही" असे डब्यावर छापणे बंधनकारक आहे. मग तोच डबा हातात घेऊन "साखर जाईल, प्रेशरची गोळी सुटेल" असे सांगणारा माणूस डब्यावर छापलेल्याच्याच विरुद्ध बोलत असतो. अशा बोलण्यावर विसंबून कोणी प्रेशरची गोळी बंद केली आणि दहा दिवसांच्या फेरीवर गेला, तर खोल समुद्रात त्याला लकवा मारल्यावर कोण जबाबदार? आणि ते शिबिर आपल्या हॉलमध्ये झालेले असेल, तर लोक संस्थेचेच नाव घेणार.

याचा अर्थ सगळ्या गोळ्या वाईट असे नाही. गरोदर बाईने लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायलाच हवी. सरकारी कार्यक्रमात ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस मोफत मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. पहाटे जेटीवर आणि दिवसभर बाजारात बसणाऱ्या आपल्या भगिनी यातून सुटलेल्या नाहीत. गोळी जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगाला लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. तसेच मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते, त्यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. म्हणजे गोळी तपासून, गरज असेल तेवढी, डॉक्टरांनी सांगितली म्हणून घ्यायची. हप्त्याने मिळते म्हणून घ्यायची नाही.

रोजच्या सवयींत मात्र आपली खरी कसर आहे. पावसाळ्यात ताजी मासळी कमी, त्यामुळे खारे बांगडे आणि सुके सुंगट पानात रोज. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. खारी मासळी भिजवून, पाणी टाकून मगच करावी, आणि त्या दिवशी लोणचे-पापड बाजूला ठेवावे. बोटीवर उन्हात घाम गाळणारा खलाशी पाण्याऐवजी चहा आणि तंबाखूवर दिवस काढतो. उलटी-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तांडेलाला पाठ हवे. कपाळावर रुंद काठाची टोपी आणि डोळ्यांना चष्मा असला, तर डोळ्यांत मांस वाढण्याचे प्रमाण कमी होईल.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. २०२४ साली कुटबण जेटीवर कॉलराची साथ आली आणि खलाशांचे जीव गेले. ते कुठल्या व्हिटॅमिनच्या कमतरतेने गेले नाहीत. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि पुरेसे संडास नसले की कुठल्याही जेटीवर हे होऊ शकते. खलाशी ओडिशा, झारखंडहून आलेला असो की आपल्या वाड्यावरचा, एकाच जेटीवर सगळ्यांची मासळी उतरते.

म्हणून संचालक मंडळापुढे आमची सूचना अशी. हॉल द्यायचाच तर प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावा. बंदीत एक दिवस ठरवून सभासद, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या भगिनी यांचे प्रेशर, साखर आणि रक्त तपासून घ्यावे. फेरीवर जाण्याआधी प्रत्येक ट्रॉलरवर ओआरएसची पाकिटे आणि ज्याच्या त्याच्या चालू गोळ्या पुरतील एवढ्या आहेत का, हे तांडेलाने बघावे. आणि जेटीवरची पाण्याची टाकी १ ऑगस्टच्या आत धुऊन घ्यावी. या सगळ्याला लागणारा खर्च त्या एकत्र संचाच्या तुलनेत फारच थोडा आहे.

मासळीचे बिल हे सभासदाच्या घामाचे आहे. त्यातून डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता कापला जातो, तो त्याच्या संमतीने आणि त्याच्या धंद्यासाठी. गोळ्यांच्या डब्याला त्या यादीत जागा नाही. येत्या सभेत हा विषय येईल, तेव्हा हजर राहून प्रत्येकाने आपले मत मांडावे ही विनंती.

आपला,
सेक्रेटरी